खिडकी उघडायची की लावायची?



वायव्य अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाची दोन वाक्यं अगदी तोंडपाठ असतात. पहिलं, "हो हो, आमच्याकडे पाऊस फार." आणि दुसरं, "पण तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये या, स्वर्ग असतो!" आमच्या बॉथेलमध्ये आजी-आजोबांची तिकिटं ह्याच हिशेबाने काढली जातात. सहली, वाढदिवस, क्रिकेटचे सामने, मुलांचे सॉकरचे कँप, सगळं त्या तीन महिन्यांत कोंबून बसवलेलं असतं. नऊ महिने रेनकोटात वावरणाऱ्या मुलांना तेवढंच ऊन अंगावर घ्यायला मिळतं.

गेल्या काही वर्षांत मात्र ह्या स्वर्गाला धुराचा वास यायला लागला आहे. मुलांची आई सकाळी उठून चहाचं आधण ठेवायच्या आधी फोनवर हवेचा आकडा बघते. पूर्वी ती पावसाचा बघायची. ह्या वेळी आम्ही त्या आकड्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे. हवामानबदल हा शब्द कानाला आता गुळगुळीत झालाय. ध्रुवावरचं बर्फ आणि अस्वलं यांची चित्रं पाहून आपण पान उलटतो. पण आपल्या घरातली आठ वर्षांची मुलगी दोन आठवडे बाहेर खेळायला जाऊ शकत नाही, तेव्हा तो विषय अस्वलांचा राहत नाही.

आधी थोडी उजळणी. २०१७ आणि २०१८ च्या उन्हाळ्यांत ब्रिटिश कोलंबियातल्या आणि आपल्याच राज्यातल्या वणव्यांचा धूर सिअ‍ॅटलच्या परिसरात उतरला. सप्टेंबर २०१७ मध्ये गाड्यांच्या काचांवर राख पडली होती, आठवतं ना? मग आला सप्टेंबर २०२०. कोविडमुळे शाळा घरातच भरत होत्या, मुलांना मोकळं अंगण तेवढं उरलं होतं. ओरेगन, कॅलिफोर्निया आणि पूर्व वॉशिंग्टनमधल्या वणव्यांनी तेही आठ-दहा दिवस काढून घेतलं. पूर्वेकडचं माल्डन नावाचं छोटं गाव त्याच वेळी, ७ सप्टेंबरला, बहुतेक सगळं जळून गेलं.

२०२२ साल तर आपल्या पंचांगाशीच जोडलं गेलं आहे. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, बॉथेलहून गाडीने तासाभराच्या अंतरावर, इंडेक्स आणि स्कायकोमिशच्या जवळ बोल्ट क्रीकचा वणवा पेटला. हायवे २ बंद झाला आणि धूर आपल्या दारात आला. तो वणवा पुढे सव्वा महिना धुमसत राहिला. १६ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलमध्ये ८८ अंश फॅरनहाइट तापमान झालं, म्हणजे कोजागिरी होऊन गेल्यावर उन्हाळा! त्यानंतर १९ आणि २० ऑक्टोबरला जगातल्या मोठ्या शहरांच्या यादीत सर्वात वाईट हवेचं शहर म्हणून सिअ‍ॅटलचं नाव पहिलं झळकलं. दिल्लीकर मित्रांना एरवी चिडवणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली. शेवटी शुक्रवारी, २१ तारखेला, पाऊस आला. त्या दिवशी वसुबारस होती. पावसाचं एवढं मनापासून स्वागत आपण देशात असतानाही कधी केलं नसेल.

धुराच्या जोडीला उष्णता. जून २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात इथे जो उष्णतेचा घुमट बसला, तो कोणी विसरणार नाही. २८ जूनला सिअ‍ॅटलच्या विमानतळावर १०८ अंश फॅरनहाइटची नोंद झाली. त्याआधीचा उच्चांक २००९ सालचा, १०३ अंशांचा होता. सलग तीन दिवस पारा शंभरावर होता. अभ्यासकांनी हिशेब मांडून सांगितलं, की माणसाने तापवलेल्या हवेशिवाय अशी लाट इथे येणं जवळजवळ अशक्य होतं.

आता नागपूरकर मंडळी हसतात. "१०८ म्हणजे बेचाळीस अंश! आमच्याकडे मे महिन्यात त्याला कोणी उष्णता म्हणत नाही!" खरं आहे. पण नागपूरचं घर उन्हाशी लढायला तयार असतं. तिथे फरशी आहे, कूलर आहे, वाळ्याचे पडदे आहेत, माठ आहे, दुपारी बारा ते चार बाहेर न पडण्याची शिस्त आहे, सकाळची शाळा आहे, आणि आजीने केलेलं कैरीचं पन्हं आहे. बॉथेलचं घर लाकडाचं. भिंतीत जाड इन्सुलेशन, जमिनीवर गालिचा, आणि सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेला भल्यामोठ्या काचा. म्हणजे थंडी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेला थर्मास! एकदा आत शिरलेली उष्णता तो बाहेर सोडत नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत सिअ‍ॅटल परिसरातल्या निम्म्याहून कमी घरांत एअर कंडिशनर होता. शरीरालाही सवय लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ते इथल्या मुलांना मिळाले नाहीत.

हे वणवे वाढले कशाने, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. शंभर वर्षं प्रत्येक लहान आग विझवत राहिल्यामुळे जंगलात सरपण साठलं, ते एक कारण. माणसं जंगलाच्या कडेला घरं बांधायला लागली, ते दुसरं. पण तिसरं कारण भौतिकशास्त्राचं आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ओलावा मिळाला नाही, तर ही तहानलेली हवा तो झाडांतून आणि मातीतून ओढून घेते. डोंगरावरचा बर्फ लवकर वितळतो, जंगल लवकर वाळतं आणि मग एका ठिणगीचं निमित्त पुरतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे १९८४ ते २०१५ या काळात पश्चिम अमेरिकेत जेवढं जंगल जळलं, ते हवामानबदल नसता तर जळलं असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं.

पण मुलांवर एवढा भर का? धूर तर सगळ्यांनाच लागतो. इथे थोडं शरीरशास्त्र सांगायला हवं. धुरातले सर्वात वाईट कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात, केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतके. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. लहान मूल वजनाच्या प्रमाणात मोठ्या माणसाहून खूपच जास्त, वय जितकं लहान तितकी जास्त हवा आत घेतं. ते धावतं, ओरडतं, तोंडाने श्वास घेतं. आणि त्याची फुप्फुसं अजून तयार होत असतात. फुप्फुसातल्या वायुकोशांपैकी बहुतांश जन्मानंतरच्या वर्षांत बनतात. बांधकाम चालू असताना सिमेंटमध्ये माती पडावी तसा हा प्रकार आहे.

याचा एक विलक्षण पुरावा डेव्हिसच्या विद्यापीठात मिळाला. तिथल्या संशोधन केंद्रात माकडं उघड्यावरच्या आवारात राहतात. २००८ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर त्या आवारावर आला, तेव्हा तिथे नुकतीच जन्मलेली पिल्लं होती. कोणी मुद्दाम प्रयोग केला नव्हता. संशोधकांनी ती पिल्लं वाढल्यावर तपासली, तर पुढच्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांच्या तुलनेत त्यांच्या फुप्फुसांची क्षमता कमी होती आणि प्रतिकारशक्तीही वेगळी वागत होती. म्हणजे धूर गेला, आकाश निळं झालं, तरी हिशेब संपत नाही.

दम्याच्या मुलांचं तर विचारूच नका. त्यात परागकणांची भर. १९९० च्या तुलनेत उत्तर अमेरिकेत परागकणांचा हंगाम सुमारे वीस दिवस आधी सुरू होतो, असं २०२१ मधल्या एका अभ्यासात दिसलं. फेब्रुवारीतच शिंका, मग जूनमध्ये ऊन, मग ऑगस्टमध्ये धूर. ज्या घरात दम्याचं मूल आहे, तिथे आईचं कॅलेंडर असं चालतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. उन्हाळ्यात बॉथेलचं घर गार कसं करायचं? दिवसा पडदे ओढायचे आणि रात्री सगळ्या खिडक्या उघडायच्या. समुद्राकडून येणारी गार हवा फुकट काम करते. पिढ्यान् पिढ्या इथे हेच चाललं. धुरात काय करायचं? सगळ्या खिडक्या घट्ट लावायच्या. मग ऊन आणि धूर एकाच दिवशी आले, तर? खिडकी उघडली तर धूर, लावली तर भट्टी. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, दोन अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. नवीन यंत्र घेतल्याशिवाय किंवा घरातलं काहीतरी बदलल्याशिवाय ह्या गणिताला उत्तर नाही. अगदीच दोन्ही एकत्र आलं आणि हाताशी काही नसेल, तर आधी उष्णतेचा बंदोबस्त करावा. कारण उष्माघात काही तासांत जिवावर बेततो. तान्ही बाळं आणि पाहुणे आलेले आजी-आजोबा यांना घेऊन सरळ बॉथेलच्या वाचनालयात किंवा एखाद्या गार दुकानात जाऊन बसावं. गाडीत मात्र कोणालाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, ठेवू नये. उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत वीस अंश फॅरनहाइटने तापते.

आता जरा हिशेब करू या, म्हणजे घाबरायचं कारण कमी होईल. मुलांची झोपायची खोली समजा बारा बाय बारा फूट आणि उंची आठ फूट. म्हणजे ११५२ घनफूट हवा. ती तासाला पाच वेळा गाळून निघाली की बरीच स्वच्छ राहते. पाचाने गुणून साठाने भागलं की मिनिटाला ९६ घनफूट. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर धुरासाठीचा हा आकडा लिहिलेला असतो. तो शंभराच्या पुढे असला की त्या खोलीला पुरतो. अख्खं घर गाळायच्या फंदात न पडता एक खोली निवडावी, तिला 'स्वच्छ खोली' म्हणावं आणि धुराच्या रात्री सगळ्यांनी तिथेच गाद्या टाकाव्यात. मुलांना त्यातही मजा वाटते. आपण लहानपणी गच्चीवर गाद्या टाकत होतो, तसंच.

यंत्र महाग वाटत असेल तर घरी करता येतं. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथाल या दोघांनी एक सोपी पेटी सुचवली. वीस इंची चौकोनी पंखा, 'मर्व्ह १३' प्रतीचे वीस इंची चार फिल्टर, खाली पुठ्ठा आणि भरपूर चिकटपट्टी. फिल्टरच्या चार भिंती उभ्या करायच्या आणि वर पंखा आडवा ठेवायचा, हवा वर फेकेल असा. पंखा २०१२ नंतर बनवलेला असावा, कारण त्यात सुरक्षेची जादा सोय असते. आठवी-नववीतल्या मुलाला हे अर्ध्या तासात जमतं. भट्टीच्या, म्हणजे फर्नेसच्या, फिल्टरचंही बघावं. बहुतेक घरांत साधा पातळ फिल्टर असतो, तो मोठी धूळ अडवतो आणि धूर जाऊ देतो. यंत्रणेला झेपत असेल तर तिथेही मर्व्ह १३ घालावा आणि पंखा सतत चालू ठेवावा. आणि ही खरेदी मे महिन्यात करावी. धूर आल्यावर दुकानांतली फळी रिकामी असते.

स्वयंपाकघराचा विषय नाजूक आहे, तरी सांगतो. आपली फोडणी, तळण आणि पोळ्यांचा धूर यांतही तेच बारीक कण असतात. एरवी आपण चुलीवरचा पंखा लावतो, ते योग्यच. पण धुराच्या दिवशी तो पंखा मिनिटाला ३०० घनफूट हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच हवा फटींतून आत येते. दोन हजार चौरस फुटांच्या घरात साधारण १६००० घनफूट हवा. म्हणजे तासाभराच्या आत घरभर बाहेरचा धूर! तेव्हा त्या दिवशी तळण नको. कुकरचा वरणभात, दहीभात, काकडीची कोशिंबीर, वर तूप. उदबत्ती आणि धूपही त्या दिवसांपुरते बंद. देवाला निरांजन पुरतं. आजी थोडी कुरकुरतील, पण नातवंडाच्या छातीचा प्रश्न म्हटला की त्याच आधी उदबत्ती विझवतील.

बाहेर जावंच लागलं तर मास्क लागतो, आणि तो कापडी चालत नाही. एन ९५ हा दाखला मुलांच्या मापाच्या मास्कला दिलाच जात नाही. तेव्हा लहान मापाचा केएन ९५ किंवा केएफ ९४ घ्यावा आणि गालाशी फट राहत नाही ना, ते बघावं. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नये. दम्याच्या मुलाची औषधं, इनहेलर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद जूनमध्येच तपासून घ्यावा. शाळेतही एक इनहेलर ठेवलेला असावा.

आता आपल्या मंडळांबद्दल. गणेशोत्सव ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येतो आणि धुराचा हंगामही नेमका तोच. लेझीम आणि ढोल-ताशाची तालीम कुठे होते? मोकळ्या पार्किंगमध्ये, दोन-दोन तास, आणि निम्मं पथक शाळकरी पोरांचं. दम लागेपर्यंत नाचायचं म्हणजे दहापट हवा आत घ्यायची. "हॉल मिळत नाही", "आता चारच दिवस राहिले", "आम्ही नाही का चुलीच्या धुरात वाढलो?" ही वाक्यं प्रत्येक तालमीत ऐकू येतात. शेवटच्या वाक्याला आमचं उत्तर असं, की वाढलो खरे, पण त्या चुलीपाशी खोकणाऱ्या आज्याही आपण पाहिल्या आहेत. आमची सूचना साधी आहे. मंडळाने जूनमध्येच नियम लिहून ठेवावा. हवेचा निर्देशांक १०० च्या वर गेला की लहान मुलांची आणि दम्याच्या मंडळींची मैदानी तालीम बंद, १५० च्या वर सगळ्यांचीच बंद. ऐन वेळी चर्चा नको, रुसवेफुगवे नकोत. आकडा बघायचा आणि निर्णय झाला. २०२४ मध्ये सरकारने निर्देशांकाच्या पायऱ्याही थोड्या कडक केल्या, तेव्हा जुन्या आठवणींवर विसंबू नये. बाप्पा पुढच्या वर्षी येणारच आहेत.

छातीइतकंच मनाचंही आहे. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारत होता, अमेरिकाही होती. त्यातल्या ५९ टक्के मुलांनी सांगितलं, की हवामानबदलाची त्यांना फार किंवा अतिशय काळजी वाटते. ४५ टक्क्यांनी सांगितलं, की त्याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. आपल्या घरांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. नारिंगी सूर्याकडे बघत मूल विचारतं, "बाबा, दर वर्षी असंच होणार का?" आणि आपण म्हणतो, "काही होत नाही. तू अभ्यास कर." आपल्या वडिलांनी आपल्याला तेच सांगितलं होतं आणि त्यात मायाच होती. पण इथली मुलं शाळेत हे शिकतात. "काही होत नाही" हे त्यांना पटत नाही, आणि मग ती पुढचा प्रश्न विचारत नाहीत. त्यापेक्षा खरं सांगावं: हो, अशी वर्षं येतील, सगळी येणार नाहीत, आपण काय करणार ते ठरवलेलं आहे, आणि मोठी माणसं कामाला लागली आहेत. मुलाच्या हातात पेटीचे फिल्टर आणि चिकटपट्टी दिली, की निम्मी भीती तिथेच जाते.

काही मुलं त्याहून पुढे गेली. २०१८ मध्ये आपल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या तेरा मुलांनी राज्य सरकारवर दावा लावला, की स्वच्छ हवामान हा आमचा हक्क आहे. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते प्रकरण ऐकायला नकार दिला आणि दावा संपला. पण मोंटानात सोळा मुलांचा तशाच प्रकारचा दावा ऑगस्ट २०२३ मध्ये मान्य झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या दाव्यात धुराने कोंडलेल्या छातीची साक्षही होती.

"मोठी माणसं कामाला लागली आहेत" हे वाक्य खोटं ठरू नये, एवढं मात्र आपल्याला पाहावं लागेल. आपला हिशेब फार सोज्वळ नाही. बॉथेल ते मुंबई आणि परत हा प्रवास सुमारे पंचवीस हजार किलोमीटरचा. ढोबळ मानाने एका माणसामागे दोन टन कार्बन डायऑक्साइड. भारतातला सरासरी माणूस वर्षभरात साधारण तेवढाच सोडतो. चौघांचं कुटुंब म्हणजे आठ टन. मग काय आजी-आजोबांना भेटायचं नाही? हे आम्ही कोणालाही सांगणार नाही, स्वतःला तर नाहीच. पण दोन धावत्या भेटींऐवजी एक लांब भेट, गॅसच्या भट्टीऐवजी हीट पंप (जो उन्हाळ्यात खिडक्या न उघडता घरही गार करतो, म्हणजे आपला खिडकीचा प्रश्नही सुटतो), आणि मतपेटीपाशी न चुकता जाणं, एवढं जमण्यासारखं आहे. आपल्या राज्याने २०२१ मध्ये प्रदूषणावर किंमत लावणारा कायदा केला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाला आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो फेटाळला. आपल्यापैकी ज्यांना मतदानाचा हक्क आहे, त्यांनी तो वापरला का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

बॉथेलच्या विद्यापीठाच्या आवारात शरद ऋतूत संध्याकाळी हजारो कावळे झोपायला येतात. आकाश काळं होतं. पितृपक्षात कावळा शोधत फिरायला लागत नाही असं हे एकमेव परदेशी गाव असावं, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. पितरांसाठी आपण वर्षातून एकदा पान वाढतो, ते योग्यच आहे. आपणही एक दिवस कोणाचे तरी पितर होणार आहोत, आणि तेव्हा ह्याच हवेत आपली नातवंडं श्वास घेत असतील. त्यांच्यासाठी ह्या वर्षी निदान एक फिल्टर, एक लिहिलेला नियम आणि एक मत एवढं तरी बाजूला काढून ठेवू या.

तुमच्या घरी धुराच्या दिवसांत काय युक्त्या करता, मुलांना काय सांगता, ते जरूर लिहून पाठवा. आजींनी पन्ह्याची कृती पाठवली तर ती पहिली छापली जाईल, याची हमी! तोपर्यंत, मोकळा श्वास घ्या. पुढच्या अंकी भेटूच.

लोभ असावा.